युरोला लावलेलं गेज

२०२५च्या सप्टेंबरमध्ये भोसरीत लिटरभर पेट्रोल आणि एक युरो जवळजवळ एकाच भावात मिळत होते, १०४ रुपयांच्या आसपास. पेट्रोलचा भाव पंपावर मोठ्या आकड्यांत लिहिलेला असतो आणि नाशिक फाट्यापासून चाकणपर्यंत कुठेही टाकी भरली तरी फार तर काही पैसे इकडेतिकडे. युरोचं तसं नव्हतं. एकाच दुपारी मी पाच ठिकाणी विचारलं आणि पाच भाव मिळाले. सगळ्यांत खालचा आणि सगळ्यांत वरचा यांच्यात तीन रुपयांहून जास्त अंतर. माल तोच, शहर तेच, वार तोच.

आमचं भोसरी एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. चौदा माणसं, तीन सीएनसी, एक जुनं सरफेस ग्राइंडर. आम्ही गेज आणि फिक्स्चर बनवतो. चाकणच्या गाड्यांच्या कंपन्यांना जे पार्ट पुरवतात, त्यांना आम्ही पुरवतो. म्हणजे गाडी रस्त्यावर येते तेव्हा आमचं नाव तिच्यावर कुठेच नसतं, पण तिचं एखादं भोक बरोबर आहे की नाही हे आमच्या गेजने ठरवलेलं असतं. हॅनोवरला २२ ते २६ सप्टेंबर यंत्रांचं मोठं प्रदर्शन होतं, ‘एमो’. १९७५ साली पॅरिसला पहिलं भरलं, म्हणजे २०२५मध्ये पन्नास वर्षं झाली. एक सेकंडहँड ग्राइंडर बघायचं होतं, आणि खरं सांगायचं तर एकदा ते प्रदर्शन डोळे भरून बघायचं होतं. मी आणि माझा मेव्हणा, तोच माझा भागीदार, असे दोघे निघणार होतो. खर्च कंपनीचा, म्हणजे आमचाच. मोठ्या कंपनीतल्या माणसाला परदेशी जाताना ट्रॅव्हल डेस्क कार्ड भरून हातात देतं. आम्हाला प्रत्येक युरो स्वतःच्या खिशातून विकत घ्यायचा होता. दीड हजार युरो लागतील असा अंदाज केला.

पहिला अडथळा घरातच निघाला. ८ सप्टेंबरला पितृपक्ष लागला आणि आई म्हणाली, “आता काही विकत घेऊ नका रे. सर्वपित्री होऊन जाऊ दे.” मी म्हटलं, “आई, सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी आमचं विमान आहे.” ती म्हणाली, “मग शेवटी शेवटी घ्या.” मलाही ते सोयीचं वाटलं, कारण माझा आपला एक अंदाज होता की भाव उतरेल. अंदाजाला आधार काही नाही. आठ-दहा दिवसांत युरो पन्नासेक पैशांनी चढला. दीड हजार युरोंवर साडेसातशे रुपये. बाजाराला पितृपक्ष कळत नाही आणि भोसरीतल्या गेजवाल्याचा अंदाजही कळत नाही. ज्यांचा धंदाच आयातीचा आहे ते लोकही बँकेशी आगाऊ दर बांधून घेतात आणि झोपतात. भाव ओळखण्याची पैज लावत नाहीत. आपण दोन हप्त्यांत अर्धे-अर्धे घ्यावेत, एवढंच शहाणपण पुरेसं आहे. हे मला नंतर सुचलं.

मग शोध सुरू झाला. चिंचवड स्टेशनजवळ एक दुकान, पिंपरी कॅम्पाच्या बाजारात एक, निगडीत एक, आमची बँक, आणि एक फोनवरचा एजंट. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं येऊन वसली तो हा पिंपरी कॅम्प. इथे कापडापासून कढईपर्यंत सगळ्याला भाव करता येतो, मग युरोला का नाही, असं मला वाटलं. तिथल्या दुकानाच्या काचेवर लाल अक्षरांत लिहिलं होतं : ‘झिरो कमिशन’. मेव्हणा खूश. म्हणाला, “दाजी, इथंच घेऊन टाकू. कमिशनच नाही.” आतल्या मुलाने भाव सांगितला, १०८ रुपये २० पैसे. चिंचवडच्या दुकानाचा भाव होता १०५ रुपये १० पैसे, पण तिथे दोनशे रुपये सर्व्हिस चार्ज वेगळा आणि त्यावर जीएसटी. मेव्हण्याच्या डोक्यात ते दोनशे अडकून बसले. “उगाच दोनशे कशाला द्यायचे?”

तेव्हा मला मामांची आठवण झाली. मामा खेड तालुक्यातले, कांदा घेऊन चाकणच्या मार्केट यार्डात आयुष्यभर गेलेले. लहानपणी मी एकदा त्यांच्याबरोबर ट्रॅक्टरवर बसून गेलो होतो. गावात परतल्यावर कुणीतरी विचारलं, काय भाव मिळाला? मामांनी उत्तर दिलं नाही. रात्री मला म्हणाले, “बाळा, भाव कधी विचारू नये. पट्टी किती आली ते विचारावं.” पट्टी म्हणजे शेवटची हिशेबपट्टी. पुकारलेल्या भावातून हमाली, तोलाई, काय काय वजा होऊन शेवटी हातात किती पडले तो आकडा. भाव हा ओरडून सांगायचा असतो, पट्टी घरी न्यायची असते.

आम्ही वहीचं पान काढलं आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न लिहिला : हजार युरो हातात पडायला माझ्या खिशातून एकूण किती रुपये जाणार? परकीय चलनाच्या खरेदीवर जीएसटी लागतो, पण तो पूर्ण रकमेवर नसतो. लाखापर्यंतच्या रकमेचा एक टक्का, कमीत कमी अडीचशे रुपये, हे सेवेचं मूल्य धरतात. लाखाच्या वर दहा लाखांपर्यंत हजार रुपये अधिक वरच्या रकमेचा अर्धा टक्का. त्या मूल्यावर अठरा टक्के. म्हणजे लाखाच्या खरेदीला १८० रुपये. हा खर्च सगळीकडे जवळपास सारखाच, त्यामुळे तो चुकवण्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. ‘झिरो कमिशन’वाल्याची पट्टी निघाली १,०८,३८७ रुपये. दोनशे रुपये चार्ज लावणाऱ्याची १,०५,५२१. मेव्हणा पानाकडे बघत राहिला. कमिशन नव्हतंच; ते भावात मिसळलं होतं. दोनशे वाचवायला आम्ही २,८६६ रुपये जास्त द्यायला निघालो होतो.

पण यातही एक प्रश्न राहिला. पाचांत स्वस्त कोण ते कळलं, पण तो खरोखर स्वस्त आहे की पाचही जण लुटतायत, हे कसं कळणार? गेजवाल्याला हा प्रश्न पडलाच पाहिजे. दोन पार्ट एकमेकांशी ताडून कुठला बरोबर ते ठरत नाही. दोन्ही चुकलेले असू शकतात. मास्टर लागतो, म्हणजे प्रमाण म्हणून धरलेला नमुना.

चलनाचा मास्टर म्हणजे मधला दर. बँका आपसांत ज्या भावाने युरो घेतात आणि ज्या भावाने विकतात त्यांच्या मधोमधचा आकडा. फोनवर शोधलं की दिसतो तो हाच. युरोपची मध्यवर्ती बँक रोज एक संदर्भ दर जाहीर करते, आपल्याकडेही डॉलर, पौंड, युरो आणि येनचे संदर्भ दर रोज जाहीर होतात. या भावाने आपल्याला कुणी युरो देईल, ही अपेक्षाच चूक. नोटा परदेशातून मागवाव्या लागतात, विमा उतरवावा लागतो, तिजोरीत पडून राहतात, त्या काळात भाव पडला तर नुकसान दुकानदाराचं. त्यामुळे घ्यायचा भाव वेगळा, विकायचा वेगळा, मधलं अंतर त्याची मजुरी. प्रश्न इतकाच की मजुरी किती. त्या दिवशी मधला दर १०३ रुपये ८० पैसे होता. चिंचवडच्या दुकानाची पट्टी त्याच्या १.६६ टक्के वर होती, ‘झिरो कमिशन’ची ४.४ टक्के वर. आता मला दिसायला लागलं.

या मजुरीला आपल्याकडे फार जुना शब्द आहे : बट्टा. आज आपण अब्रूला बट्टा लागला म्हणतो, पण मूळ हिशेब नाण्यांचा. पेशवाईत एकच रुपया चालत नव्हता. अंकुशी होता, चांदवडी होता, हाली सिक्का होता. प्रत्येकाची चांदी निराळी, वजन निराळं. एका मुलखातला रुपया दुसऱ्या मुलखात दिला की सराफ तो पारखून बट्टा कापून घ्यायचा. गावागावांत नाणी पारखायला पोतदार असायचा. आज ते नुसतं आडनाव उरलंय. आणि ज्या चिंचवडमध्ये मी काचेपलीकडच्या मुलाशी दहा पैशांवरून हुज्जत घालत होतो, त्या चिंचवडला तेव्हा टांकसाळ होती, रुपया पाडायची. तेव्हा पुण्याहून नाशिकला जाणारा माणूसही एक प्रकारे परदेशी जाणारच होता. आपल्या पूर्वजांना ‘फॉरेक्स’ नवीन नव्हतं. फक्त त्यांना बट्टा किती ते विचारायची लाज वाटत नव्हती.

आमच्या धंद्यात प्लग गेज नावाची वस्तू असते. तिला दोन टोकं. ‘गो’ टोक भोकात अलगद गेलं पाहिजे, ‘नो-गो’ टोक अजिबात जाता कामा नये. भोक नेमकं किती मायक्रॉनचं आहे हे लाइनवरच्या पोराने मोजत बसायचं नाही. गो गेलं, नो-गो अडलं, पार्ट पास, पुढचा घ्या. कारण नेमका आकडा कधीच सापडत नाही आणि सापडवायला गेलं तर लाइन थांबते. दोन टोकांमधल्या या मोकळिकीलाच टॉलरन्स म्हणतात. मी वहीच्या पानावर युरोचं गेज आखलं. नोटांसाठी मधल्या दराच्या वर दोन टक्क्यांपर्यंत गो, त्यापुढे नो-गो. कार्डासाठी दीड टक्क्यापर्यंत गो. फॉरेक्स कार्ड म्हणजे आधी युरो भरून ठेवलेलं कार्ड. त्यात नोट छापायची, वाहायची भानगड नसल्याने भाव उतरतो. त्याची पट्टी हजार युरोंना १,०४,६८४ निघाली, मधल्या दराच्या जेमतेम पाऊण-एक टक्का वर. आपलं नेहमीचं बँकेचं कार्ड परदेशात घासलं तर बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी, म्हणजे चार टक्क्यांच्या वर जातं. ते नो-गो, फक्त अडचणीपुरतं.

हजार युरो कार्डात भरले. पाचशे नोटांत घ्यायचे ठरले. गेज लावलं, चिंचवडचं दुकान पास झालं. इथे गोष्ट संपायला हवी होती.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी मेव्हण्याला कुणीतरी सांगितलं की पुण्यात लष्कर भागात १०४ रुपये ९० पैशांना मिळतात. वीस पैसे कमी! आम्ही मराठी माणसं. वीस पैसे म्हटल्यावर अंगात येतं. दुपारी एक पार्ट चाकणला म्हाळुंग्यात पोचवून तसेच पुण्याला जायचं ठरवलं. चाकणच्या तळेगाव चौकात जो अडकलाय त्याला पुढचं वर्णन करायची गरज नाही. ज्या किल्ल्याने १६६०मध्ये फिरंगोजी नरसाळ्याच्या हाती शाइस्तेखानाला छप्पन्न दिवस झुंजवलं, त्या संग्रामदुर्गाजवळ आजचे कंटेनर कुणालाही सहज अडवून धरतात. कुरुळी, मोशी, भोसरीचा पूल, नाशिक फाटा, दापोडी असं सरकत लष्करात पोचायला सव्वापाच वाजले. दुकानदार म्हणाला, “तो सकाळचा रेट होता साहेब. आता १०५.३०.” 

परत येताना गाडीत कुणी बोललं नाही. मग मेव्हण्यानेच हिशेब काढला. पाचशे युरोंवर वीस पैसे म्हणजे शंभर रुपये वाचणार होते. लष्करचा हेलपाटा जाऊन-येऊन अडतीस किलोमीटर, पावणेतीन लिटर पेट्रोल, २८६ रुपये. “पावणेतीन युरो धुरात घातले दाजी,” तो म्हणाला. गेजमध्ये पास झालेला पार्ट पुन्हा मशिनवर चढवला की तो खराबच होतो, हे मी पोरांना रोज सांगतो. दुसऱ्या दिवशी चिंचवडच्या दुकानात गेलो. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, पॅन कार्ड, एक फॉर्म. पन्नास हजारांपर्यंतचेच रुपये रोख चालतात. आमची रक्कम ५२,८८१ झाली, म्हणून पैसे बँकेतून पाठवले. पन्नास-पन्नासच्या पाच नोटा, बाकी वीस आणि दहाच्या मागून घेतल्या. मोठी नोट बेकरीत कुणी सुटी करून देत नाही, हा सल्ला शेजारच्या काकांचा.

हे काका प्राधिकरणात आमच्या समोर राहतात, एका मोठ्या कारखान्यातून निवृत्त. ऐंशीच्या दशकात मशिन तपासायला जर्मनीला गेले होते. त्यांना गंमत वाटते ती आमच्या तक्रारीची. “तुम्ही कुठला भाव बरा ते शोधताय. आम्हाला चलन मिळेल की नाही हाच प्रश्न होता.” परकीय चलनाचा १९७३चा कायदा होता तेव्हाचे दिवस ते. परवानगी, अर्ज, मोजके मार्क, आणि परत आल्यावर उरलेल्याचा हिशेब. त्याआधी शिकायला जाणारी मुलं खिशात आठ डॉलर घेऊन विमानात बसायची, हेही त्यांनी पाहिलेलं. २००० साली जूनपासून नवा कायदा आला आणि २००४पासून साध्या माणसालाही वर्षाला ठरावीक रक्कम बाहेर नेता यायला लागली. आज ती मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. नोटा मात्र एका प्रवासाला साधारण तीन हजार डॉलरइतक्याच. आम्ही त्याच्या जवळपासही नव्हतो.

२० तारखेला रात्री निगडीहून मुंबईच्या विमानतळाकडे निघालो. विमानतळावरच्या एका काउंटरवर भाव लिहिला होता : ११२.५०. समोर रांगेत एक तरुण इंजिनिअर होता, त्याच्या बॅगेवरच्या टॅगवरून आमच्याच औद्योगिक पट्ट्यातला. बँकेत जायला वेळच मिळाला नाही म्हणाला. तो हजार युरो घेत होता. मी काही बोललो नाही; बोलून आता उपयोग नव्हता. चिंचवडपेक्षा त्याला सात हजार रुपये जास्त पडले. विमानतळावर पोचलेला माणूस भाव करू शकत नाही, तो फक्त वेळ नसल्याची किंमत मोजतो.

फ्रँकफर्टला उतरून आगगाडीने अडीच तासांत हॅनोवर. घटस्थापनेच्या सकाळी प्रदर्शनाचं दार उघडलं. ही जागा १९४७ साली पहिल्यांदा प्रदर्शनासाठी उघडली. युद्धात विमानांसाठी ॲल्युमिनियम बनवणाऱ्या कारखान्याच्या शेडमध्ये. एकेक हॉल आमच्या भोसरीच्या एका ब्लॉकएवढा. मेव्हणा तासभर एका ग्राइंडरसमोर उभा होता, देवळात उभं राहावं तसा. किमती युरोत लिहिलेल्या. तो प्रत्येकीला १०४ने गुणत होता आणि दर वेळी खाली बसत होता. मी म्हटलं, “गुणू नकोस. जेवढं गुणशील तेवढी तहान लागेल.” पाण्याची बाटली घेतली, तिच्यात २५ सेंट बाटलीची अनामत धरलेली. बाटली परत केल्यावर तेवढे मिळतात. दोन दिवसांत आमच्या हॉटेलच्या खोलीत रिकाम्या बाटल्यांचं भांडवल जमा झालं.

जर्मनीत सगळीकडे कार्ड चालेल ही आमची समजूत पहिल्या दिवशीच मोडली. कोपऱ्यावरच्या बेकरीत ‘फक्त रोख’ अशी पाटी. स्वच्छतागृहाला नाणं. इकडे भोसरीत चहावाल्यापासून सगळे मोबाइलवर पैसे घेतात. तिकडे मर्सिडीजच्या देशात बेकरीवाल्या आजी गल्ल्यातून नाणी मोजून देतात. वीस आणि दहाच्या नोटांबद्दल मी मनोमन काकांना नमस्कार केला.

आणि मग तो बटणाचा प्रसंग. तिसऱ्या संध्याकाळी आम्ही शहरात फिरत होतो. हॅनोवरमध्ये फरसबंदीवर एक लाल रेघ रंगवलेली आहे, चार किलोमीटरहून थोडी जास्त. तिच्यामागे चालत गेलं की शहरातली सगळी महत्त्वाची ठिकाणं दिसतात. आम्ही रेघेमागे चालत होतो, रोख संपत आली होती आणि दुकानांच्या रांगेत एक रंगीत एटीएम दिसलं. कुठल्याही बँकेच्या भिंतीत नव्हतं, आपलं सुटं उभं. घाईत माझ्या हाताला फॉरेक्स कार्डाऐवजी बँकेचं डेबिट कार्ड आलं. शंभर युरो मागितले. पडद्यावर आमच्याच रुपयांचं चिन्ह आलं. परक्या देशात आपलं चिन्ह दिसलं की माणूस हळवा होतो. खाली लिहिलेलं : रुपयांत हमखास दर, मान्य करा. बाजूला छोट्या अक्षरांत दुसरं बटण, रूपांतर न करता पुढे चला. मी हिरवं बटण दाबलं.

पावती वाचली तेव्हा समजलं. दर ११५ रुपये २० पैसे, मशिनची फी ४.९५ युरो वेगळी. शंभर युरोंना १२,०९० रुपये. मधल्या दराने १०,४०० झाले असते. एका बोटाने १,६९० रुपये. चिंचवडच्या मुलाशी मी तासभर वाद घातला होता. इथे वाद घालायला समोर कुणी नव्हतंच. मशिन तुमच्याशी तुमच्या चलनात बोलायला लागलं की रूपांतर तुमची बँक करत नाही, तो मशिनवाला करतो, स्वतःच्या मनाच्या भावाने. हॉटेलात, दुकानात कार्डाच्या यंत्रावरही हाच प्रश्न येतो : रुपये की युरो? उत्तर कायम एकच. ज्या देशात उभे आहात त्या देशाचं चलन. त्यानंतर जेव्हा कुणी यंत्र पुढे केलं, तेव्हा मेव्हणा बटणाकडे न बघताच “युरो, युरो!” असा गजर करायचा. वेटर हसायचे. आम्ही बँकेच्या दारातलं एटीएम शोधून फॉरेक्स कार्डाने पैसे काढले. दोनेक युरो फी गेली, बाकी काही नाही.

शेवटच्या दिवशी वुल्फ्सबर्गला गेलो. चाकणमध्ये २००९ साली ज्या कंपनीचा कारखाना उघडला, तिचं हे मूळ गाव. तिथे काचेचे दोन मनोरे आहेत, ४८ मीटर उंच, प्रत्येकात चारशे नव्या गाड्या खणांत ठेवलेल्या. यंत्र येतं आणि गिऱ्हाइकाची गाडी अलगद खाली आणतं. पण माझ्या लक्षात राहिलं ते तिथलं सॉसेज. ही कंपनी स्वतःचं सॉसेज बनवते आणि त्याला गाडीच्या पार्टसारखा पार्ट नंबर आहे : १९९ ३९८ ५०० ए. काही वर्षी त्या ब्रँडच्या गाड्यांपेक्षा ती सॉसेज जास्त विकली गेली. मी शाकाहारी, म्हणून लांबून बघितलं. मेव्हण्याने खाल्लं आणि म्हणाला, “दाजी, याला ड्रॉइंगही असेल. टॉलरन्स किती असेल?” पार्ट नंबर असलेली वस्तू आमच्या पट्ट्यात कुणी तोंडात घातल्याचं मला तरी माहीत नाही.

परतताना आमच्याकडे ८५ युरोच्या नोटा आणि मूठभर नाणी उरली. नाणी इथे कुणी विकत घेत नाही, म्हणून फ्रँकफर्टला कॉफीत संपवली. नोटा विकायला गेलो तर दुकानदार १०१ रुपये म्हणाला. घेताना एक भाव आणि विकताना दुसरा, म्हणजे दुहेरी बट्टा. दोन हजार डॉलरइतक्या नोटा आपल्याजवळ ठेवता येतात. त्याहून जास्त उरलं तर परतल्यापासून १८० दिवसांत बँकेत किंवा अधिकृत दुकानात जमा करायचं. आमच्या ८५ युरोंना ती वेळ नव्हती. ड्रॉवरमध्ये ठेवले, पुढच्या वेळेसाठी.

१ ऑक्टोबरला खंडेनवमी होती. नेहमीप्रमाणे मशिनना हळद-कुंकू लावलं, झेंडूची तोरणं बांधली, गेज स्वच्छ पुसून पाटावर मांडले. मेव्हण्याने त्या गेजांच्या ओळीत वहीचं ते पानही ठेवलं. चौदाही माणसांनी बघितलं. त्यांतल्या एकाची मुलगी पुढच्या वर्षी जर्मनीला शिकायला जाणार होती. त्याने विचारलं, “साहेब, सगळ्यात चांगला भाव कुठं मिळतो?” मी त्याला मामांचं वाक्य सांगितलं. भाव विचारू नको, पट्टी विचार. हजार युरो हातात पडायला एकूण किती रुपये, हे दोन-तीन ठिकाणी विचारून त्याच दिवशीच्या मधल्या दराशी ताड. नोटा थोड्या, कार्डात जास्त. नोटांना दोन टक्के, कार्डाला दीड. आत बसलं की पैसे मोज आणि दुसऱ्या कामाला लाग. पुढचे वीस पैसे तुझे नाहीत. आणि परदेशात यंत्राने रुपयांत विचारलं तर नाही म्हण.

आमच्या प्रवासाचा बट्टा असा झाला : नोटांवर ९८१, कार्डावर ८८४, लष्करच्या हेलपाट्याचं पेट्रोल २८६, आणि हॅनोवरच्या एका हिरव्या बटणाचे १,६९०. एकूण ३,८४१ रुपये.